ओढा आणि सोडा

एकूण तीनशे बारा वाक्यं.
बॅलार्ड पिअरचं ऑफिस सुटल्यावर
रोज वीस, कधी पाच, काल एकही नाही.
पैसे नाहीत. अगदी शेवटच्या पानावर
बारीक अक्षरात येईल : मराठी – निनाद पाटणे.

हे कुलूप घडवणाऱ्याला मी पाहिलेलं नाही.
त्यानं आतली प्रत्येक कळ, प्रत्येक खिटी
चव्हाट्यावर मांडून ठेवलीय :
बघा, मोजा, चूक सापडली तर सांगा.
नाक्यावरचा मन्सूर चावीवाला हसला,
आतलं दाखवलं तर कुलूप कसलं?
मग कानस थांबवून म्हणाला,
पण बघूनही उघडलं नाही कुणाला,
तर ते कुलूप.

पहिलंच वाक्य सोपं वाटलं होतं :
फाइल इथे ओढा आणि सोडा.
लिहिलं, आणि मलाच दिसला ओढा,
जांभ्यातून उतरणारा, गुडघाभर.
'ओढून आणा' लिहिलं, तर हवालदार बोलल्यासारखं झालं.
'अलगद सोडा' केलं.
अलगद खोडलं.
'सांकेतिकीकरण' म्हणताना दाताखाली खडा आला,
तिथे 'कुलूपबंद' ठेवलं
आणि चहा घेतला.

तपासायला दिलं हर्णाबाई वैतींना,
ट्रॉम्बे कोळीवाडा, महिला सोसायटीच्या खजिनदार.
भाचीचा लॅपटॉप, त्यावर सुक्या जवळ्याचा वास.
त्यांच्याकडे फाइली तीन :
वलांड्यांचे फोटो,
मोजणीचा जुना नकाशा, एक कोपरा भिजलेला,
आणि चौसष्ट बायांची नावं, अंगठ्यांसकट.
मीटिंग संपायच्या आत
बिल्डरला कळलेलं असतं कोण काय बोललं.
म्हणून कुलूप.

बोट ठेवलं. फाइल हलली.
अर्ध्यात बोट उचललं, फाइल परत जागेवर.
पुन्हा. पुन्हा तेच.
चाळीस वर्षं डोल ओढलेला हात
आणि नखाएवढी फाइल हाताला येईना.
वाक्य पुन्हा वाचलं त्यांनी, मोठ्यानं,
आणि माझ्याकडे बघितलं :
ओढलेलं कोन सोरतं रं पोरा?

मी त्या अनोळखी माणसाला कळवलं,
आमच्याकडे ओढणं म्हणजे घरी आणणं.
त्यानं उत्तर दिलं, समजलं नाही,
पण चौकट मोठी करतो.
आठवड्यात केली.
त्यात हर्णाबाईंची फाइल
पहिल्या झटक्यात पडली,
आणि चौकट निळी झाली.

परवलीचा शब्द टाकताना मी भिंतीकडे तोंड केलं.
कॅलेंडरवर बर्फाच्या कारखान्याची जाहिरात.
मागे कळा वाजत राहिल्या, हळू, एकेक,
मध्ये स्पेसचा जाड आवाज, चारदा.
मग त्यांनी दोघींना बोलावलं
आणि कानात सांगितलं.
कागदावर नाही.
तिघींच्या तोंडात एक वाक्य,
मासळी विकताना, भांडताना, झोपेतसुद्धा.

रात्री दीड. रिफायनरीची ज्योत खिडकीच्या काचेत.
वाक्य दोनशे चौदा :
परवली विसरलात तर ती फाइल
… उघडू शकत नाही.
मूळ भाषेत तिथे एकच शब्द.
आपल्याकडे दोन.
'आम्ही' लिहिलं, तर काउंटरच्या आत कुणीतरी बसलंय,
साहेब, शिक्का, उद्या या.
पण आत कुणी नाही.
नंबर नाही लावायला, ओळख नाही काढायला,
घडवणाऱ्याकडेही दुसरी चावी नाही.
मी तासभर त्या एका जागेवर बसलो.

लिहिलं :
ती फाइल आपण कुणीच उघडू शकत नाही.
आपण. तो, मी, मन्सूर, वाचणारा,
उद्या वलांड्या काढायला येईल तोही.

अजून अठ्ठ्याण्णव वाक्यं आहेत.
पुढचं : रद्द करायचं?
हो. नाही.