पाच दिवसांची पिशवी

धुळ्याच्या रक्तपेढीत रुजू झाले तेव्हा
काचेच्या पट्टीवर तीन थेंब, काडीने ढवळायचे,
गुठळी धरली की गट कळायचा.
एवढंच शास्त्र, वाटलं होतं.

मग तो मे. लाइट गेलेली, जनरेटर मुका.
प्लेटलेटची पिशवी, कैरीच्या पन्ह्यासारखी पिवळट,
आयुष्य पाच दिवस,
आणि हलायची थांबली की तेवढंही नाही.
नेहेते सिस्टर आणि मी रात्रभर
ओल्या टॉवेलाशेजारी बसून पाळीपाळीने हलवली.
सकाळी ती अक्राणीच्या खुमान पावराला चढली.
संध्याकाळी त्याने भाकरी मागितली.

पुढे मूलपेशींकडे वळले.
यावलला बाबांच्या केळीत पाहिलेलं होतंच:
घड उतरला की खोड संपतं,
पण कंदाच्या कुशीला मुनवा तयार असतो.
तोच मुनवा मी माणसाच्या हाडात शोधत राहिले
सतरा वर्षं.
नायट्रोजन जळगावहून टेम्पोने यायचा.
एका दिवाळीत आला नाही.
दोनशे बारा नळ्या. नावं अजून पाठ आहेत.

निरोपाच्या भाषणात आकडा सांगितला: जगलेली रोपणं, चार.
टाळी वाजवावी का, कुणाला कळेना.
मागच्या रांगेत खुमान, मांडीवर लेक,
तिच्या रक्तात विळे.
त्याने काही विचारलं नाही.

परवा अमळनेरच्या बसमध्ये
मांडीवर भाजीची पिशवी, हात आपोआप हलत होता.
शेजारची म्हणाली, "कोनले निजाडी ऱ्हायनी वं माय?"
निजवत नाही हो, म्हणणार होते,
तेवढ्यात फागणं आलं, ती उतरली.