टांगणी

ग्लासगो. नोव्हेंबर. साडेतीनलाच दिवे लावलेत.
आकड्याला अडकवलाय मांसाचा एक धागा,
तुटक्या शेवईएवढा.
सकाळी बायपास करताना नळी घालायला
सर्जनने हृदयाचं टोक छाटलं, त्यातला.
एरवी पिवळ्या बादलीत गेला असता.
फर्गसने बर्फाच्या डब्यातून आणून दिला,
म्हणाला, सांडू नकोस हं.

मला एवढंच कळवलंय: नमुना एकशे चौदा,
पुरुष, एकाहत्तर,
सिगारेट सोडून वीस वर्षं झाली.
नाव विचारायचं नाही.
नावं ठेवणं वेगळं, नाव ठेवणं वेगळं;
मी ठेवलंय, गॅलब्रेथ.
क्लाइडकाठी जहाजं सांधायचा, असं धरून चालते.
शिंपीसुद्धा असेल.

सेकंदाला एक झटका देते
आणि धाग्याने आखडायचं, सैल पडायचं.
आज आखडेना.
तापमान सदतीस, बुडबुडे ठीक, तार ठीक.
सातवीत "जीव टांगणीला लागणे",
वाक्यात उपयोग करा,
माझं वाक्य चुकलं होतं.

मग बाटलीवरची चिठ्ठी वाचली.
कॅल्शियम घालायचंच राहिलं होतं.
पानाला लावतात त्याहून कमी चुना,
तेवढ्यावाचून काळीज हलत नाही.
शंभरावर वर्षांपूर्वी लंडनला कुणा मदतनिसाने
शुद्ध पाण्याचा कंटाळा करून नळाचं ओतलं,
आणि बेडकाचं हृदय धडधडत राहिलं, तेव्हा कळलं हे.
इथे कळलं नसतं.
इथलं पाणी डोंगरातल्या तळ्याचं, मऊ;
पाच वर्षांत माझ्या किटलीत पापुद्रा धरला नाही.

चार थेंब.
पडद्यावरची रेघ जरा विचारात पडली,
मग उठली.
मी खुर्चीत बसले, माझेच हात गार.

सहा तास चालला गॅलब्रेथ.
औषध दिलं, जोर वाढला, पुन्हा उतरला,
हे उद्या आलेखात कुणाला फारसं दिसणार नाही.
रस्त्यापलीकडे चौथ्या मजल्यावर
तो शुद्धीवर आला असेल,
चहात साखर का नाही म्हणून नर्सशी भांडत असेल.
इकडे त्याचाच एक धागा
त्याला न विचारता थकत चाललाय.
विचारलं होतं म्हणा. सही आहे.

बटण बंद केलं. वहीत वेळ लिहिली,
नऊ बावीस.
लिहिल्यावर लक्षात आलं,
अशी वेळ कोण लिहितं ते.
खोडली. पुन्हा तीच लिहिली.
पुढे लिहिलं: पाणी बदलणे.