थिजलेलं खोबरेल

जानेवारीत चोडणला पहाटे
खोबरेलाची बाटली थिजते.
हातमोज्यांनी बोटं फुटतात, म्हणून ती सोबत लागते;
काखेत धरून मी फेरीबोटीत चढते.
रायबंदरला उतरेस्तोवर कडेचं तेल सुटतं,
मधे पांढरा खडा तेवढा डुलत राहतो.

ताळगावच्या पठारावर, काचेखाली,
माझ्या यीस्टच्या पेशी म्हाताऱ्या होतात.
तीन आठवड्यांत एक आयुष्य.
तरुण पेशी आपलाच कचरा पिशवीत भरते:
मोडकी प्रथिनं, विझलेली मायटोकाँड्रिया.
पिशवी मिटते, कोठीला जाऊन भिडते,
आणि त्यातूनच उद्याचं रांधलं जातं.

म्हातारीची पिशवी मिटता मिटता राहते.
कचरा आहे, भूक आहे,
पापुद्र्यातली चरबी ताठरली आहे.
एवढंच मी वहीत लिहिलं.
एवढ्याला पाच वर्षं लागली.

संध्याकाळी बांधावर पुरसोकाका,
मानशीच्या दाराला खांदा लावून.
भरतीला ते आपसूक लागायचं,
ओहोटीला शेतातलं कुजकं पाणी नदीला द्यायचं.
आता अर्ध्यावर अडतं; खारं पाणी भातात येतं.
"नवं दार घालूया?" मी विचारते.
"दार बरें आसा. बिजागरी पळय."
आणि हात पुढे करतात.

दिवसभर एसीत राहून तेल पुन्हा थिजलंय.
मी बोटाने खडा उकरते,
त्यांच्या तळव्यावर ठेवते.

तो विरघळेपर्यंत
आम्ही दोघं काही बोलत नाही.
उरलेलं ते गुडघ्याला चोळतात.