दोन कान

भोकरदनहून कपाट परत आलं, माझंच,
तीन वर्षांमागचं, मोरपंखी रंग, आरसा डावीकडं.
टेम्पोतून उतरवता उतरवता माणूस म्हणाला,
दाराला पोचा आलाय, काढून रंग मारून द्या.
पोचा कशानं? पडलं म्हणे.
पडलं कशानं? लेकरानं खालचे खण ओढले
आणि पायऱ्या समजून चढलं.
समोर शिलाई मशीन होतं, त्याच्यावर अडकलं.
लेकरू मधल्या सांदीत, नखसुद्धा लागलं नाही.
येताना राजूरला चहा घेतला,
तसं सांगितलं त्यानं हे.
मग विचारलं, पोच्याचे किती घ्याल?

मी आतून पत्रा ठोकत राहिलो.
पोचा निघतो. पत्रा विसरतो.

जालन्यात वीस वर्षं झाली कपाटं करतोय.
गेज सांगतो, लॉकर उघडून दाखवतो,
दारावर बुक्की मारून म्हणतो, आवाज ऐका,
नातवंडं वापरतील.
नातवंडं.
मीच म्हणायचो हे.

त्या रात्री लाईट गेलेली, मुक्ती झोपलेली.
शहाबादी फरशीवर मी पालथा झालो,
हनुवटी टेकवून, तिच्या उंचीला,
आणि बॅटरीच्या उजेडात माझं घर पाहिलं.

खाली काळी माती. उन्हाळ्यात भेगाळते, घर खचतं,
पावसाळ्यात फुगते, घर उठून बसतं.
दर साली मी कपाटाच्या पुढच्या पायाखाली
कुणाची तरी लग्नपत्रिका घडी करून सारतो.
तरी ते पुढं वाकलेलं,
म्हातारं माणूस वाकून विचारतं ना, कुणाचं रे तू?
तसं.

टीव्ही टेबलावर, टेबलावर क्रोशाचा रुमाल,
रुमालाची झालर लोंबती, बरोबर तिच्या हाताशी.
माझाच हात गेला तिकडं.

काय करू राहिले जमिनीवर? अंबिका म्हणाली.
म्हणलं, तू पण ये खाली. बघ.
ती आली. काही बोलली नाही.
सकाळी रुमाल पेटीत, घडी करून.
रुखवतासाठी चार महिने विणला होता तिनं.

ड्रिल लावलं तर भिंत नुसता भुगा देती,
प्लास्टर, प्लास्टर, मग पोकळ.
तिसऱ्या भोकाला वीट लागली, लाल पीठ पडलं,
तेव्हा कुठं जिवात जीव.
अझहरनं टीव्हीला मागून पट्टा आवळला.
म्हणाला, भाई, ट्रकवरचा माल बांधतात तसा बांधला.
पट्टा ट्रकचाच होता.
पितळेची भांडी वरच्या कप्प्यातून तळाला आली.
कपाटाच्या डोक्यावरचा बिस्किटाचा डबा काढला,
ज्याच्यासाठी ती चढली असती.

आता हरेक कपाटाच्या पाठीला दोन कान वेल्ड करतो.
गिऱ्हाईक विचारतं, हे काहून?
फुकट आहे म्हणलं की गप्प बसतं.
स्क्रू पुडीत बांधून देतो.
पुडी कितीजण सोडतात, माहीत नाही.

रविवारी जुनी पावतीबुकं काढून निघतो, ड्रिल पाठीला.
कदीम जालन्यात एक बाई म्हणाली, भाड्याचं घर हाय,
मालक कॅलेंडरला खिळा ठोकू देत नाही,
तुम्ही भोकं कुठं पाडता?
तिच्या कडेवरचं लेकरू ड्रिलकडं झेपावत होतं.
मी कपाट कोपऱ्यात रेटून दिलं,
खालच्या खणांना कुलूप घातलं,
आणि तिनं दिलेलं पाणी पिऊन आलो. एवढंच.

काल मुक्तीनं खण ओढला, पाय ठेवला, लोंबकळली.
कपाट हललं नाही.
तिनं वर पाहिलं, रागानं, मग माझ्याकडं.
उतरवली. पुन्हा चढली.

रात्री पुन्हा पावतीबुक.
कार्बन पुसट झालेला, बोटानं वाचावा लागतो:
परतूर. मुलीचं लग्न.
सहा फुटी, आरसा डावीकडं.
ॲडव्हान्स दोन हजार.
नाव लिहिलेलं नाही.