चार इंच

कळंबोलीच्या लोखंड बाजारात, वजनकाट्याच्या मागे,
जिथे मेलेल्या बसचे अवयव किलोवर मिळतात,
तिथे माझं शेड.
पाटीवर नाव नाही, फोन नंबर आहे,
त्यातला एक आकडा गंजाने खाल्लाय.

हसुराम घरत आले ते बोलेरोमागे ट्रेलर ओढत.
एका मोटरसायकलपुरता ट्रेलर,
लांबीरुंदीला खाटेएवढा,
उंचीला मात्र हळदीच्या स्टेजसारखा.
"याला खाली बसव."
किती?
त्यांनी हवेत वीत ताणली,
मग विचार करून जरा मिटली.
"चार इंच. जमला तं पुरा भुईला.
गारी चरवताना गुरघा आयकत नाय आता."

गाडी म्हणजे येझदी, सत्त्याऐंशीची.
जमीन गेली तेव्हाच्या पैशातली
एवढी एकच वस्तू अजून चालते, म्हणाले,
तक्रारीच्या नाही, हिशेबाच्या आवाजात.

पाटे काढले. आत वीस वर्षांची माती,
तिच्यात एक शिंपला, कुठल्या खाडीचा कोण जाणे.
मग ॲक्सल.
"इथनं माघारी नाही हां," शकूर म्हणाला
आणि मी काही बोलायच्या आत ग्राइंडर लावला.

दोन आखूड हात, दोन बुश,
आणि ट्रकच्या भंगार केबिनखालून सोडवलेले
नारळाएवढे काळे रबरी फुगे.
कॅटलॉगात त्यांना काहीही म्हणोत,
मी भाता म्हणतो.
लोहाराचा भाता विस्तव उठवतो,
हा ओझं उठवतो. काम तेच,
कोंडलेल्या हवेला शिस्त लावायची.

निळी नळी, दोन व्हॉल्व्ह, एक काटा,
पंक्चरवाल्याकडचा छोटा कॉम्प्रेसर.
रात्री नऊला बटण दाबलं.
शूऽऽ.
ट्रेलर बसला.
बैल बसतो तसा नाही, बैल आधी पुढचे गुडघे मोडतो;
हा चारी अंगांनी एकदम बसला,
वादातून कुणी माघार घ्यावी
आणि हरल्यासारखं दिसू देऊ नये, तसा.
पुन्हा हवा भरून उभा केला नि शेड बंद केलं.

सकाळी पाहतो तर डावीकडे कललेला.
साबणाचं पाणी केलं, ब्रशने जोड न् जोड माखला.
कोपऱ्यातल्या एल्बोवर एक बुडबुडा
डोळा उघडावा तसा फुगला,
फुटला, पुन्हा फुगला.
टेप उलटी गुंडाळलेली. मीच.
शकूरला सांगितलं नाही.
त्याला माहीत होतं.

घरत आले. मी हात पुढे केला तर म्हणाले, राहू दे.
ट्रेलरची कड आता भाकरीएवढी उंच.
येझदीचं पुढचं चाक तिथे क्षणभर अडलं,
मग आत,
मागचं आत,
आणि त्यांचा तो न ऐकणारा गुडघाही आत.
मी बटण दाबलं.
ते उतरायचेच राहिले होते.
गाडीचं हँडल धरून, पांढरी टोपी, मळका शर्ट,
घरत चार इंच वर गेले
कॉम्प्रेसरच्या घरघरीवर,
आणि पलीकडच्या सळ्यांच्या ढिगावरून
काहीतरी बघत राहिले.
"अजून एकदा खाली घे."
घेतलं. वर. पुन्हा खाली.
शकूर हसायला लागला, मग थांबला.

कुठे नेणार?
"कुटं नाय. खोपट्याला भाव हाय, बिछान्यावर.
अंगनात चालू करीन, तो आयकंल."
किक कोण मारणार?
"त्याचा पोर हाय ना."
थोडं थांबून, "हवा किती टिकंल?"
रात्रभर नक्की. पुढे काटा बघत राहा.
"रातभर पुरे."

पैसे दोनदा मोजले, त्यांनी एकदा, मी एकदा.
पुलाच्या चढावर ट्रेलर दिसेनासा झाला,
उडत नव्हता, आदळत नव्हता.

कापलेल्या ॲक्सलचे तुकडे
दारातच पडले होते. काट्यावर ठेवले,
साडेसहा किलो.
घरतांच्या नावावर जमा लिहून ठेवले,
घ्यायला ते येणार नाहीत, तरी.