घट

शाहूपुरीच्या सौद्यात बत्तीस वर्षं
मी गूळ चाखला.
रव्याला सुरी लावायची, कपची काढायची,
जिभेवर ठेवून डोळे मिटायचे
आणि सांगायचं : ह्याला चुना जास्त झालाय,
ह्याची काहील घाईत उतरवली.
दर आधी माझ्या जिभेवर फुटायचा,
मग बाजारात.

दिवसाला साठ-सत्तर कपच्या.
मोजल्या कुणी?

डॉक्टर शिरगुप्पेबाईंनी कागद पुढं सरकवला.
तीन महिन्यांची सरासरी, नऊ पूर्णांक चार.
म्हटलं, बाई, जन्मात साखर विकली नाही मी,
आमचा धंदा गुळाचा.
त्या हसल्या नाहीत.
म्हणाल्या, रक्ताला पेठ कळत नाही, बापूसो.
वजन उतरवा. आत्ता उतरवलंत तर
गोळ्यासुद्धा उतरतील कदाचित.

आप्पाही चाखणारे होते.
शेवटची दोन वर्षं त्यांना एकच चप्पल लागायची.
दुसरी, कापशीची, करकर वाजणारी,
माळ्यावर आहे अजून.
तिला तेल कोण लावतं
मी विचारलेलं नाही.

शालननं भाताचं पातेलं बदललं.
नवं नाही आणलं,
नातवाच्या खिमटीचं काढलं.
भाकरी एक. बाकी ताटभर गवार, मेथी, काकडी,
एक उकडलेलं अंडं, वाटीभर मटकी.
तांबडा रस्सा बंद नाही केला तिनं,
त्याच्या मागं जाणाऱ्या चार भाकऱ्या बंद केल्या.

पहाटे रंकाळ्याला फेरी.
संध्यामठाच्या समोर दम लागायचा,
मी पाणी बघायला थांबल्यासारखं करायचो.
परतताना गंगावेशीत म्हशी पिळत असायच्या,
ग्लासावर बोटभर फेस.
मान वळवून जायचो,
उधारी असलेल्या दुकानावरून जातात तसा.

सौद्यात अडत्याला म्हटलं, आता चाखणार नाही.
सगळी पेठ हसली.
पोहणारा म्हणतोय, पाण्यात उतरत नाही!
मग नखानं दाबून बघायला लागलो,
कपची उन्हात धरायला लागलो,
मोडताना आवाज कसा येतो ते ऐकायला लागलो.
पहिल्या दिवशी क्विंटलमागं चाळीस रुपयांनी चुकलो.
घरी येऊन कुणाशी बोललो नाही.

अकराव्या आठवड्यात
खुंटीवरच्या सदऱ्याला मुंग्या लागल्या.
खिशाच्या शिवणीत गुळाचा चुरा.
शालननं सदरा बघितला, मला बघितलं,
सदरा दोरीवर उन्हात टाकला.
एवढंच.
शिव्या दिल्या असत्या तर बरं झालं असतं.

संध्याकाळी हमाल गेल्यावर
मी बाजारच्या काट्यावर उभा राहायचो.
गुंडाप्पा वाचायचा, पोतं असल्यासारखा : चौऱ्याण्णव.
एक्क्याण्णव. पुन्हा एक्क्याण्णव. पुन्हा.
अठ्ठ्याऐंशी.
आठव्या महिन्यात ऐंशी.
त्यानं दहाचा एक रवा उचलला,
त्यावर किलोच्या चार ढेपा रचल्या,
माझ्या हातांवर ठेवल्या.
"धरा मालक. हे घिऊन फिरत हुता."
दहा पावलांत कोपरं थरथरली.

गूळ सुकला की वजन तुटतं,
त्याला आम्ही घट म्हणतो.
घटीवरून शेतकऱ्यांशी जन्मभर भांडलो,
पावशेर सोडला नाही.

कागदावर आता पाच पूर्णांक नऊ.
बाईंनी आधी एक गोळी थांबवली, मग दुसरी.
म्हटलं, म्हणजे गेला?
म्हणाल्या, झोपलाय.
दर तीन महिन्यांनी येऊन बघून जायचं,
आणि घरात पाय न वाजवता चालायचं.

पाडव्याला मुहूर्ताचा सौदा.
नव्या हंगामाचा पहिला रवा, पिवळाजर्द,
अजून आत ऊब होती.
शेतकऱ्यानं सुरी लावली, मानानं कपची माझ्यापुढं धरली.
पेठ गप्प.
तळहातावर घेतली. वास घेतला. जीभ हलली,
खोटं कशाला बोलू.
शेतकऱ्याचा सात-आठ वर्षांचा पोरगा
माझ्या हाताकडं बघत होता.
त्याला दिली.

त्यानं डोळे मिटले.

मी त्याचा चेहरा बघून
दर सांगितला.