पाठ

सकाळचा पहिला तुकडा सगळं सांगतो.
धार असली की कातड्याची कड
कांद्याच्या पापुद्र्यासारखी सुटते, सलग.
नसली की मशीन चघळत बसतं,
दात पडलेल्या माणसाने भाकरी चघळावी तसं,
आणि खाली पडतात गोळे, लोकरीसारखे.

त्या दिवशी गोळे पडले.
रबाळे, गाळा नंबर चौतीस, पोटमाळा,
खिडकीत खाणीने अर्धा खाल्लेला डोंगर.
बाराशे पाकिटं, मंगळवारपर्यंत.
शेठ म्हणाला, मिस्त्रीला फोन लाव.

पेडणेकर मिस्त्री यायचा खारीगावहून.
पाचशे रुपये, एक चहा बिनसाखरेचा,
आणि मशीनसमोर असा बसायचा
की आपल्याला दिसावी नुसती त्याची पाठ.
शर्टाचा ताण, खांद्याचं हाड,
कोपर कितीदा बाहेर आलं, कितीदा आत गेलं.
विचारलं तर म्हणायचा,
"बाई, यात हात घालू नका, बोट जाईल."
नऊ वर्षं.
त्याची पाठ मला पाठ झाली.

कोपर डावीकडे : गोल पातं केसभर पुढे.
मशीन चालूच ठेवायचं, मग दगड टेकवायचा,
दाबायचा नाही, नुसता टेकवायचा.
ठिणग्यांचं कडं पूर्ण दिसलं पाहिजे,
एकाच अंगाने उडाल्या तर पातं वाकडं झिजलंय.
मग आतून काडीसारखा दगड, बर काढायला
(इथे तो श्वास धरायचा, खांदे वर जायचे).
मग पाय खाली.
पाय आणि पातं यांच्यामध्ये
एक कागद जावा, दुसरा अडावा.
तो कुठला कागद घ्यायचा ते पाठीवरून कळलं नाही.
मी विजेचं बिल घेते.

आबा बसायचे दिघ्याच्या नाक्यावर, छत्रीखाली.
त्यांची रापी म्हणे आधी तळहाताएवढी रुंद होती,
मी पाहिली तेव्हा दोन बोटं उरली होती.
रोज दगड, पाणी, दगड.
आता आई तिने रताळी सोलते.
आबा धार बघायचे अंगठ्याच्या नखावर.
मशीनला नख दाखवायचं नाही,
हे मात्र मला कुणी शिकवलं नाही,
डाव्या तर्जनीचं टोक देऊन शिकले.

मिस्त्रीने फोन उचलला नाही.
मी शेठला म्हटलं, येतोय, वाटेत आहे,
आणि गोणपाट अंथरून स्वतःच बसले.
दुसऱ्या खेपेला कडं पूर्ण आलं.
पापुद्रा सुटला, लांब,
टेबलावरून खाली, पायावर,
मी तो बोटाला गुंडाळून पर्समध्ये ठेवला. का, माहीत नाही.

रात्री त्याचाच फोन.
"मोतीबिंदू झालाय. एकेक ठिणगी दोन-दोन दिसते.
कळव्यात एकाचं मशीन अडलंय. जाशील तू?"
नऊ वर्षं 'बाई, तुम्ही' होते, आता 'तू'.
म्हटलं, मला कुठं येतं?
बराच वेळ फोनमध्ये नुसता पंखा ऐकू येत होता.
मग म्हणाला, "पाठीलाही कळतं गं,
मागून कोण बघतंय ते."

शुक्रवारी आमच्याकडे सुट्टी. गेले.
नाल्याकडेचा गाळा, बेल्टचं काम, म्हशीचं जाड कातडं.
मशीनवर एक पोरगी, एकोणीस-वीसची,
पाय इतका वर की बशी सरकेल.
बसले. पाना हातात घेतला.
भिंतीवर सावली पडली होती,
रुंद, वाकलेली, मशीन पूर्ण झाकून.
ओळखीची वाटली.

स्टूल तिरकं केलं.
पोरीचं लक्षच नव्हतं,
मोबाईलवर कुणाला तरी हो-हो म्हणत होती.
ठिणग्या उडाल्या तेव्हा मात्र दोन पावलं जवळ आली.
बर काढताना मी श्वास धरला.
मग तिला म्हटलं, एक कागद दे गं.

तिने विचारलं,
"कसला?"